चर्चच्या जमिनीचा घोटाळा आणि खाडीतला मृत्यू: रहस्यकथेत पटेल असा कसा मांडू?

माडाची_वाडी:
दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहिते आहे. गाव काल्पनिक, वेंगुर्ला आणि मालवणच्या मधलं, खाडीच्या तोंडाशी. धर्मप्रांतही काल्पनिकच. चर्चच्या मालकीची खाडीलगतची सव्वातीन एकर माडांची वाडी रिसॉर्टवाल्याच्या घशात जाते. चर्चच्या ऑफिसात नोंदवह्या सांभाळणाऱ्या क्लार्कला भानगडीचा वास लागतो आणि तिसऱ्या दिवशी तो खाडीत सापडतो. गावात शाळा चर्चची, दवाखाना चर्चचा, पतपेढीवर माणसंही त्यांचीच. त्यामुळे कोणी तोंड उघडत नाही.

फादर परस्पर खरेदीखत करून देतात असं लिहिलं होतं. पण मग धर्मादाय आयुक्त काय करत होते, असा प्रश्न कच्चा खर्डा वाचणाऱ्यांनी विचारला. वरचं कोण कोण सामील लागेल? आणि अपघात म्हणून बंद झालेली फाईल पुन्हा उघडेल असा कच्चा दुवा कुठला? तळघरात पोर्तुगीज राजाची सनद सापडते असं एक प्रकरण तयार आहे.

फेरफार_क्रमांक:
आधी ती सनद काढा. तो भाग पोर्तुगीजांचा नव्हता. जमिनीचे जुने कागद मोडीत मिळतील, पोर्तुगीज सनद शोभायची तर कथा वसईला न्या.

खरेदीखताची वाट तुमच्या वाचकांनी बरोबर पकडली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या व्याख्येत देवळासारखं चर्चही येतं. कलम ३६ खाली स्थावर मिळकत विकायची, अदलाबदल करायची किंवा बक्षीस द्यायची तर आयुक्तांची आधी मंजुरी लागते. शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त किंवा बिगरशेती जमीन-इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरी तेच. विश्वस्तांचा ठराव, मूल्यांकन अहवाल, वर्तमानपत्रात जाहिरात, बंद लिफाफ्यातले देकार. इथेही चोरी होते: जाहिरात कोणी न वाचणाऱ्या आवृत्तीत, तिन्ही देकार एकाच गोतावळ्यातले, मूल्यांकनात ‘सीआरझेडमुळे (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध) बांधकाम अशक्य’ म्हणून भाव पाडलेला. पण हे सगळं कागदावर राहतं आणि फसवून घेतलेली मंजुरी रद्दही होते. हुशार माणूस या वाटेला जाणार नाही.

तो जाईल कुळकायद्याने. विक्री झालीच नाही असं दाखवायचं. एक माणूस उभा करायचा: मी १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं मालक ठरलं त्या कृषकदिनी, ही वाडी कसत होतो. कलम ७०ब खाली कूळ ठरवून घ्यायचं, मग ३२ग ची चौकशी आणि किंमत. ही किंमत शेतसाऱ्याच्या २० ते २०० पट, वर झाडं-विहिरीचं मोल. सारा पाच रुपये असेल तर जमिनीचे जास्तीत जास्त हजार! पैसे भरले की ३२म चं खरेदीचं प्रमाणपत्र. त्यानंतर १० वर्षं थांबला तर २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे साऱ्याच्या ४० पट रक्कम भरून विकायला मोकळा. रिसॉर्टवाला जमीन घेतो ती ‘कुळा’कडून. चर्चने काही विकलेलंच नाही, आयुक्तांकडे फाईलच नाही.

यात चर्चचा हात कुठे? धार्मिक संस्थेच्या जमिनीला कलम ८८ब ची सूट असते. ट्रस्ट नोंदलेला असेल आणि जमिनीचं सगळं उत्पन्न ट्रस्टच्याच कामी लागत असेल, तर कलेक्टर तसं प्रमाणपत्र देतो. ते असलं की कूळ कूळ राहतं, मालक होत नाही. म्हणजे ट्रस्टच्या माणसाने तहसीलदारासमोर तो एक कागद ठेवला असता तर दावा तिथेच पडला असता. तो ठेवला नाही. तुमचा गुन्हा एवढाच आहे. रोजनाम्यावर, म्हणजे सुनावणीच्या नोंदीवर, सही: ‘सामनेवाले हजर, हरकत नाही.’

क्लार्कला काय दिसेल? सातबाऱ्यावर पीकपाहणीला नाव असायला हवं, जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर ते नाहीच. घुसडलेली नोंद असेल तर नमुना ६ च्या वहीत, म्हणजे हक्कातले बदल नोंदवतात तिथे, फेरफाराचा क्रमांक आणि तारीख मागच्या-पुढच्या नोंदींशी जुळत नाही. आणि तो ‘तलाठी’ आताच्या काळात दाखवणार असाल तर हुद्दा बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला आहे. गावात मात्र सगळे तलाठीच म्हणतात.

घंटाघर:
वरच्यांनी जमिनीचं सांगितलं, मी चर्चच्या आतलं सांगतो. ‘फादर सर्वेसर्वा’ हे सिनेमातलं. प्रत्येक धर्मग्रामाला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीला, वित्त समिती असावीच लागते (धर्मसंहितेचा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचा, नियम ५३७). ठरावीक रकमेच्या वरची मालमत्ता द्यायची तर बिशपना धर्मप्रांताची वित्त समिती आणि सल्लागार मंडळ या दोघांची संमती लागते, आणि आणखी वरच्या मर्यादेनंतर रोमची (नियम १२९२). ‘हरकत नाही’ची युक्ती इथेही चालते, कारण कागदोपत्री काही दिलंच नाही. त्यामुळे बिशप सामील असण्याची गरज नाही. हिशेब पाहणारा एक धर्मगुरू, एक वकील आणि वित्त समितीचा एखादा वजनदार गाववाला, एवढे पुरेत. बाकीचे गप्प बसतात ते भानगडीत हिस्सा आहे म्हणून नव्हे. मुलीची शाळेतली नोकरी, पतपेढीचं कर्ज अशा कारणांनी. ते लिहा, कथा तिथे आहे.

आता दुवा. तुमच्या क्लार्ककडे बाप्तिस्म्याची नोंदवही आहे. ‘कूळ’ म्हणवणारा गावचाच ख्रिस्ती असेल तर त्याचा बाप्तिस्मा त्या वहीत १९४९ चा निघू द्या. १९५७ साली आठ वर्षांचं पोर वाडी कसत होतं? पान फाडलं तरी सुटका नाही. लग्नाआधी बाप्तिस्म्याचा ताजा दाखला द्यावा लागतो आणि लग्न दुसऱ्या चर्चमध्ये लागलं तर तिथून बाप्तिस्म्याच्या गावी कळवतात, ते वहीत समासात लिहितात. म्हणजे पान इथे फाटलं, तरी दाखला सासुरवाडीच्या चर्चच्या लग्नाच्या फायलीत पडून आहे. क्लार्कला हे माहीत असणार. मारेकऱ्याला नसेल, तो वकील असला तर नक्कीच नसेल.

बिशपच्या कचेरीत गुप्त दप्तरही असतं. किल्ली फक्त बिशपकडे (नियम ४९०). नैतिक बाबींतल्या गुन्ह्यांचे कागद, आरोपी वारला किंवा शिक्षेला १० वर्षं झाली की नष्ट करून फक्त थोडक्यात सार आणि निकाल ठेवतात. पण जमिनीचे कागद तिथे कोंबू नका, त्यांचं दप्तर वेगळं.

उधाण_भांग:
मृत्यूबद्दल. आधी अकस्मात मृत्यूची नोंद होईल, १ जुलै २०२४ नंतरची घटना असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली, त्याआधीची असेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) १७४. घोटाळ्याच्या तारखांनाही हाच हिशेब. जुनी बनावट कागदपत्रं भादंवि ४६७, ४६८, ४७१ मध्येच येतील.

माणूस चर्चच्या वाडीतल्या विहिरीत बुडवला आणि मग खाडीत टाकला, असं करा. बुडताना श्वास चालू असेल तर पाण्यातले डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, रक्तावाटे अस्थिमज्जेपर्यंत जातात. खाडीच्या मचूळ पाण्यातले प्रकार वेगळे, गोड्या विहिरीतले वेगळे. मांडीच्या हाडातला नमुना जुळवायला जागेवरच्या पाण्याचा नमुना लागतो आणि नेमका तोच घ्यायला विसरतात, किंवा फक्त खाडीचा घेतात. ही तुमची कच्ची फट. हाड राखून ठेवलेलं असेल तर विहिरीचं पाणी नंतरही तपासता येतं. मात्र या चाचणीवर कोर्टात वाद होतो आणि विहिरीत डायटम कमी असतात, तेव्हा एकट्या तिच्यावर गुन्हेगार पकडू नका.

दुसरं, भरती. कोळ्यांचा हिशेब: तिथीला पाऊण तासाने गुणा, सुमारे तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला अकरा-सव्वाअकराला. गाव आणि खाडी बदलली की वेळ थोडी सरकते, म्हणून छापील कोष्टकही पाहा. उधाणाच्या (पुनव-अवसेच्या) ओहोटीला टाकलेलं प्रेत तोंडातून बाहेर समुद्रात जाईल, भांगाला (अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा) आतच घुटमळेल. क्लार्क तिसऱ्या दिवशी खाडीतच हवा असेल तर सप्तमी-अष्टमी धरा. आणि मुंबईसारखं चार-साडेचार मीटर पाणी चढवू नका, मालवणकडे साधारण त्याच्या निम्मंच.

तपासात पाण्याच्या पातळीला महत्त्व आल्याचं खरं उदाहरण हवं तर रॉबर्टो काल्व्ही. व्हॅटिकनच्या बँकेशी घट्ट व्यवहार असलेल्या बांको अम्ब्रोसियानोचा प्रमुख, जून १९८२ मध्ये लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेला सापडला, कपड्यांत विटा. आधी आत्महत्या ठरली, १९८३ मध्ये दुसऱ्या चौकशीत निष्कर्ष खुला ठेवला. पुढे तपासणाऱ्यांनी दाखवलं की तो स्वतः पुलाखालच्या परांचीवरून गेला असता तर बुटांना गंज-रंग लागला असता, तो नव्हता. होडीतून आणलं असेल तर भरतीची वेळ महत्त्वाची. २००७ मध्ये रोमच्या कोर्टात पाचही आरोपी सुटले.

माडाची_वाडी:
सनद गेली! एक शंका. कबुलीजबाबात मारेकऱ्याने नव्या तरुण फादरला सगळं सांगितलं, तर पोलीस त्याला बोलायला लावू शकतात का?

घंटाघर:
धर्मसंहितेत मुभा शून्य. गुपित थेट फोडलं तर तो आपोआप बहिष्कृत. सूचकही बोलायचं नाही, मिळालेल्या माहितीचा वापरही करायचा नाही. म्हणजे फादर विहिरीकडे बोटसुद्धा दाखवू शकत नाही.

फेरफार_क्रमांक:
कायद्यात उलट. साक्ष अधिनियमात वकील-अशिलाच्या बोलण्याला संरक्षण आहे, नवरा-बायकोच्या बोलण्यालाही. कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूसाठी तसं कलम नाही. समन्स आलं तर हजर व्हावं लागेल.

घंटाघर यांच्या बाप्तिस्म्याच्या दुव्यात एक भोक आहे, ते बुजवा. कूळ बाप होता आणि मी वारस, असं तो म्हणाला तर १९४९ ला काही अर्थ उरत नाही. म्हणून ७०ब च्या अर्जात ‘मी स्वतः कसत होतो’ हे शब्द हवेत. कारणही द्या: बाप १९५५ सालीच वारला होता, आणि ती नोंद त्याच चर्चच्या मृत्यूच्या वहीत आहे. मारेकऱ्याने फाडली ती फक्त बाप्तिस्म्याची वही.