त्र्यंबोलीचा रुसवा कथेत बदलायचा का?

पेठेतला : काल इथं एकानं लिहिलंय, "पुराणातलं पात्र घ्या, नाव ठेवा, बाकी सगळं बदला. देव कुणाच्या मालकीचा नाही." खाली त्याची कथा. तिच्यात त्र्यंबोली, म्हणजे आपली टेंबलाई, रुसतच नाही, अंबाबाईशी लढून करवीर, म्हणजे कोल्हापूर, जिंकते. डोकंच फिरलं. कामाक्ष दैत्याचा योगदंड काढून घेऊन ज्या त्र्यंबोलीनं देवांना सोडवलं, तिलाच विजयाच्या सोहळ्याला बोलवायचं राहिलं. म्हणून ती टेकडीवर पाठ फिरवून बसली. त्या रुसव्यापायी ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, कुमारिकेच्या हातनं कोहळा फुटतो. रुसवाच काढला तर पालखी जाते कशाला? एवढंच बदलायचं असेल तर नावबी दुसरं घ्या.

राजारामपुरीकर : मग खांडेकरांचं काय? कोल्हापुरातच राहून त्यांनी 'ययाति' लिहिली. महाभारतातला कच देवयानीच्या शापानंतर जातो तो गेलाच. कादंबरीत तो परत येतो. १९७४चं ज्ञानपीठ मिळालं तिला.

पेठेतला : ययातीची पालखी निघत नाही, भावा.

करवीरची लेक : आधी त्या कथेतलं 'विष्णुपत्नी महालक्ष्मी' काढा. ती अंबाबाई आहे. मूर्तीमागं सिंह आहे, दुर्गेचं वाहन, दिसत नाही का?

राजारामपुरीकर : आणि नवरात्रात तिरुपतीहून, म्हणजे विष्णूच्या घरनं, शालू येतो तो? आमच्यात चार पिढ्या महालक्ष्मीच म्हणतात.

करवीरची लेक : शालवानं नातं ठरत नाही. हातात म्हाळुंग, गदा, ढाल, पानपात्र. कमळ कुठाय? माझी आजी आषाढात नव्या पाण्याची घागर डोक्यावर घेऊन अनवाणी टेकडी चढायची, पुढं पी ढबाक वाजत असायचं. तिच्या तोंडात महालक्ष्मी हे नाव मी कधी ऐकलं नाही.

राजारामपुरीकर : तुमच्या आजीची घागर हा पुरावा नव्हे.

करवीरची लेक : आजीवर जायचं काम नाही!

टेंबलाईवाडी : मी कथा वाचली. लढाई मलाही पटली नाही. पण दिराच्या वास्तुशांतीला मी दोन दिवस पोळ्या लाटल्या आणि फोटोच्या वेळी मला हाक मारायचं राहिलं. मी मागं मोरीत पातेली घासत होते, हसण्याचा आवाज येत होता. पाच वर्षं झाली, समजूत काढायला कुणी आलं नाही. त्र्यंबोलीनं जाब विचारावा असं मला वाटतं.

पेठेतला : वहिनी, हे लिहा. अंबाबाईच्या तोंडावर विचारू दे, माझी ना नाही. पण विचारून झाल्यावर टेकडीवरच बसू दे.

राजारामपुरीकर : म्हणजे बदल चालतो. एवढंच म्हणत होतो.

पेठेतला : मनातला चालतो. टेकडीवरनं उठवलेला नाही.

करवीरची लेक : आणि नाव अंबाबाईच लिहा.