रेझीनचं क्युअरिंग स्टेशन : विकतचं यंत्र की घरचा डबा?

डबेवाला_प्रयोगी

रेझीन प्रिंटर, म्हणजे द्रव रेझीन प्रकाशाने थरावर थर घट्ट करत वस्तू छापणारं यंत्र, घेतला की लगेच पुढचा प्रश्न येतो, "छापलेली वस्तू प्रकाशाने पक्की करायला, म्हणजे क्युअर करायला, क्युअरिंग स्टेशन कोणतं घेऊ?" माझं उत्तर लोकांना आवडत नाही. कोणतंच घेऊ नका.

एक बंद पडलेलं स्टेशन मी खोलून पाहिलं. आत होती ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देणाऱ्या एलईडींची पट्टी, एक फिरती चकती, एक टायमर आणि वर नारिंगी झाकण. बस. माझ्याकडे झाकणाची बादली आहे. तिला आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावलंय, कडेने तशीच एलईडी पट्टी गुंडाळलीय आणि मध्ये सौरऊर्जेवर फिरणारी छोटी चकती ठेवलीय. दोन वर्षं झाली, छोट्या मूर्तींपासून ते मशीनच्या कव्हरपर्यंत सगळं ह्यातच पक्कं करतो.

गणितही सरळ आहे. रेझीनला लागतो प्रकाशाचा एकूण डोस, म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट प्रकाश ६० सेकंद दिला की ६०० मिलिज्यूल झाले. ५ मिलिवॅट १२० सेकंद दिला तरी साधारण तेच. माझी बादली मंद असेल, तर मी दुप्पट वेळ ठेवतो. घाई कुणाला आहे?

वजाबाकी

घाई नाही हो, पण दर वेळी तोच परिणाम हवा असतो. तुमचं गणित कागदावर बरोबर. मात्र बादलीच्या कडेला किती मिलिवॅट पडतात आणि मध्यभागी किती, हे तुम्ही कधी मोजलंय का? वस्तू एका बाजूने पट्टीला खेटून आणि दुसरीकडे हातभर लांब असेल, तर एक बाजू जास्त आकसते आणि पातळ भिंत वाकते. मूर्तीच्या तलवारीला थोडा बाक आला तर चालेल. माझे भाग एकमेकांत बसवायचे असतात, तिथे अर्धा मिलिमीटर म्हणजे भाग कचऱ्यात.

शिवाय तुम्ही उष्णतेचा विषयच काढला नाहीत. ताकदीच्या किंवा उष्णता सोसणाऱ्या रेझीनच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा "६० अंशांवर इतकी मिनिटं" असं लिहिलेलं असतं. गरम असताना रेझीनच्या रेणूंच्या अर्धवट जुळलेल्या साखळ्यांना हालचाल करता येते आणि उरलेली जोडणी पुरी होते. फॉर्मलॅब्ज ह्या प्रिंटर कंपनीच्या पहिल्या पिढीच्या फॉर्म क्युअर ह्या स्टेशनमध्ये ४०५ नॅनोमीटरचे एलईडी आहेतच, वर आतलं तापमान ८० अंशांपर्यंत नेता येतं. ते काय शोभेसाठी दिलंय?

शिंपला_आणि_फूल

तुम्ही दोघं प्रिंटरवाले एकमेकांत भांडताय. मी लॉकेट आणि कानातले करते, साच्यात रेझीन ओतून. माझी अडचण दोघांच्याही यंत्रात सुटत नाही.

प्रिंटरसाठीचं एक स्टेशन हौसेने घेतलं. माझ्या रेझीनच्या बाटलीवर ३६५ नॅनोमीटर लिहिलेलं आणि यंत्र फक्त ४०५ चं. आतून घट्ट झालं, पण वरचा थर बोटाला चिकटायचा तो चिकटायचाच. नंतर ३६५ आणि ४०५ दोन्ही असलेला नखांचा दिवा आणला आणि काम झालं. म्हणून आधी बाटली वाचा, यंत्र मागून.

आणि वॉटवर जाऊ नका. खोक्यावर "४८ वॉट" लिहितात, तो आकडा विजेचा. त्यातला प्रकाश किती आणि तो तुमच्या वस्तूवर किती पडतो, हे त्यावरून कळत नाही.

डबेवाला_प्रयोगी

@शिंपला, बाटली आधी वाचावी हे मान्य. पण चिकटपणाचा दोष तरंगलांबीच्या माथी सगळाच मारू नका. अ‍ॅक्रिलेट, म्हणजे आपल्या ह्या प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझीनच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन ती अभिक्रिया अडवतो, त्यामुळे अगदी वरचा थर अर्धवट राहतो. माझा उपाय बिनपैशाचा आहे. काचेच्या पारदर्शक भांड्यात पाणी घ्या, प्रिंट त्यात बुडवा आणि भांड्यासकट क्युअर करा. हवा दूर झाली की चिकटपणा बहुतेक वेळा जातो.

दुसरं कारण त्याहून साधं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुतल्यावर लोक वाळू देत नाहीत. ओल्या प्रिंटवर प्रकाश टाकला की पांढरे डाग पडणार आणि हाताला मेणचट लागणारच. अर्धा तास वाळू द्या. निम्म्या लोकांना नवं स्टेशन नको असतं, धुवायला स्वच्छ अल्कोहोल हवं असतं.

शिंपला_आणि_फूल

माझ्या लॉकेटात वाळवलेलं फूल आहे. ते पाण्यात बुडवू? 🙂

शेवटच्या पातळ थरासाठी मी वरून ग्लिसरीन फासते, दिव्याखाली ठेवते आणि मग धुते. मात्र आधीचे थर एक-दीड मिलिमीटरचेच ठेवावे लागतात. जाड ओतलं की वर कवच आणि खाली ओलं. काळा किंवा दाट पांढरा रंग घातला तर त्याहून वाईट, कारण रंगच प्रकाश पिऊन टाकतो किंवा उधळून लावतो. धातूच्या चौकटीत तर खालून प्रकाश येतच नाही. पारदर्शक सिलिकॉनचा साचा असेल तर उलटा करून पाठीमागूनही द्यावा. ही सगळी कसरत कुठलंही फिरतं स्टेशन माझ्यासाठी करत नाही. झाकणाला उंची नसते, साचा सपाट राहावा लागतो आणि चकती फिरली की ओतलेलं रेझीन हिंदकळतं.

आणि नव्यांसाठी एक गोष्ट: दोन भाग मिसळायचं इपॉक्सी कुठल्याही दिव्याने घट्ट होत नाही. दर महिन्याला कुणीतरी रात्रभर दिव्याखाली ठेवून "खराब निघालं" म्हणून येतं.

ऊन_फुकट

सगळ्यांनी सूर्य विसरलात. खिडकीत ठेवा, विषय संपला.

वजाबाकी

सूर्याचं ऊन चालतं, नाकारत नाही. पण सकाळी किती, दुपारी किती, ढग आला तर किती? मोजता येत नाही ते पुन्हा तसंच करताही येत नाही. शिवाय उन्हात विसरलेला प्रिंट पिवळा आणि ठिसूळ होतो. रेझीनला जास्तीचा प्रकाशही बाधतो, हे लोक ध्यानात घेत नाहीत. "अजून दहा मिनिटं राहू दे" म्हणताना ती वस्तू बिस्किटासारखी तुटण्याच्या वाटेवर असते.

उन्हाचा एक उपयोग मात्र मला पटतो. पाण्याने धुता येणाऱ्या रेझीनचं धुणावळीचं पाणी नाल्यात ओतू नये. ते उन्हात ठेवायचं, त्यातलं रेझीन घट्ट होऊन खाली बसतं, मग गाळून घ्यायचं आणि गाळ घन कचऱ्यात टाकायचा.

पोकळ_ड्रॅगन

इतकी चर्चा झाली आणि माझा ड्रॅगन कुणाच्याच हिशोबात नाही.

साहित्य वाचवायला मी मोठ्या मूर्ती आतून पोकळ करतो. बाहेरून टणटणीत क्युअर केला, रंगवला, कपाटात ठेवला. दोन महिन्यांनी पोटाला चीर गेली आणि तिच्यातून चिकट द्रव गळायला लागला. रंगावरून ओघळ! आत राहिलेलं ओलं रेझीन भिंतीवर दाब देत राहतं. बाहेरून कितीही एलईडी लावले तरी आत काळोखच असतो.

आता खाली दोन छिद्रं ठेवतो, आतून अल्कोहोल खळबळून काढतो, पूर्ण वाळू देतो आणि तारेला जोडलेला एक छोटा यूव्ही (अतिनील) एलईडी छिद्रातून आत सोडतो. तो एलईडी कोणत्याच स्टेशनबरोबर येत नाही. स्टेशन की बादली, हा वाद माझ्यासाठी दुय्यम आहे.

हातमोजे_आधी

मी हा छंद सोडलाय, तरी धागा वाचते. कारण सांगते.

पहिलं वर्षभर "एवढंसं तर आहे" म्हणत उघड्या हातांनी ओले प्रिंट उचलले. मग बोटांवर खाज, फोड आणि शेवटी अ‍ॅलर्जी. आता थोडं अर्धवट रेझीन लागलं तरी हात फुलतो. चांगलं क्युअरिंग म्हणजे फक्त चकाकी नाही. अर्धवट राहिलेलं रेझीन त्या वस्तूला हात लावणाऱ्यालाही बाधू शकतं, आणि कानातले तर दिवसभर कातडीला लागून असतात. @शिंपला, हे तुमच्यासाठी खास.

युरोपीय संघाने नखांच्या जेलमधल्या टीपीओ ह्या प्रकाश-आरंभकावर (प्रकाश पडताच घट्ट होण्याची क्रिया सुरू करणाऱ्या रसायनावर) १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली. प्रिंटरच्या बऱ्याच रेझीनमध्येही तोच असतो. घाबरवत नाही, पण नायट्राइलचे हातमोजे तरी घाला.

आणि डबेवाला, तुमच्या बादलीला झाकण आहे हे चांगलं. दिवा चालू असताना डोकावून बघू नका. नारिंगी झाकण यंत्रात उगीच नसतं, ते ४०५ चा जांभळा प्रकाश अडवतं. अल्कोहोलने भिजलेला प्रिंट गरम होणाऱ्या यंत्रातही ठेवू नका. त्याची वाफ साधारण १२ अंशांपासूनच पेट घेऊ शकते.

डबेवाला_प्रयोगी

झाकण उघडून बघायची खोड होती, कबूल. आजपासून बंद.

उष्णतेबद्दल वजाबाकींचं मान्य करतो. ताकदीच्या रेझीनचं काम असेल तर तापणारं यंत्र घ्या, बादलीत ते जमणार नाही. साध्या रेझीनच्या मूर्तींसाठी मात्र माझं मत बदललेलं नाही.

एकसारखेपणाचं म्हणाल, तर एक चाचणी सुचवतो. विकतच्या यंत्रावरही करून बघा. एकाच रेझीनच्या दोन मिलिमीटर जाडीच्या पाच पट्ट्या छापा, नीट धुवा, वाळवा. त्यांना १, २, ४, ८ आणि १६ मिनिटं क्युअर करा. मग नखाने टोक दाबून बघा आणि हळूच वाकवा. जिथे नखाची खूण उमटणं थांबतं आणि पट्टी अजून थोडी वाकते, तो तुमचा आकडा. बाटलीवरचा आकडा दुसऱ्या कुणाच्या तरी दिव्याचा असतो.

वजाबाकी

केली. एक मिनिटाच्या पट्टीवर नख रुतलं, दोनच्या पट्टीवर पुसटशी खूण. चारची वाकून परत सरळ झाली. आठची कडक लागली, सोळाची टचकन तुटून टेबलाखाली गेली, अजून सापडलेली नाही.

मी दीड वर्ष दहा मिनिटांवर चालवत होतो. आता टायमर चारवर आहे. यंत्र मात्र परत करणार नाही.