दहाव्या आठवड्यात रक्तातून कळतं, मग आम्हालाच का सांगायचं नाही?

मुठाकाठ

माझं वय ३६, ही दुसरी खेप. दहावा आठवडा भरला तशी डॉक्टरांनी एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तावरून गर्भातले गुणसूत्रांचे दोष हेरणारी चाचणी, करून घ्यायला सांगितली. दंडातून नळीभर रक्त घेतलं, बारा दिवसांनी रिपोर्ट आला. डाउन, एडवर्ड्स, पटाऊ, तिन्हींचा धोका कमी. जीव भांड्यात पडला. खाली एक ओळ होती: कायद्यानुसार गर्भाचं लिंग कळवलं जात नाही. रक्त देण्याआधी मी एका कागदावर सही केली होती, की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. ती सही खोटी होती. मला जाणून घ्यायचं होतं.

माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिला याच चाचणीत, याच आठवड्यात कळलं आणि महिनाभरात बाळाचं नावही ठरलं. तिकडे घरीच रक्त काढून लॅबला पाठवायचं किट मिळतं. ती म्हणते, "मी एक पाठवते, तू रक्त माझ्याकडे पाठव, पुढचं मी बघते."

मला पहिली मुलगी आहे. आमच्या घरात कुणाचाही मुलाचा हट्ट नाही. डोहाळजेवणात वाटीखाली पेढा निघतो की बर्फी यावर सगळ्या बायका हसतखेळत पैजा लावतात, आणि खरं उत्तर लॅबच्या संगणकात आधीच पडलेलं असतं. ते माझ्या शरीरातून आलेलं उत्तर आहे. ते मलाच मिळू नये हा कायदा आज योग्य आहे का? मनापासून विचारते आहे.

सेंट्रीफ्यूज

मी लॅबमध्ये काम करते. मत नंतर, आधी चाचणी काय आहे ते सांगते, कारण किटच्या जाहिरातीत हे येत नाही.

गरोदर बाईच्या रक्तात वारेतून सुटलेले डीएनएचे बारीक तुकडे फिरत असतात. डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली ते दाखवून दिलं. लिंग ओळखताना आपण वाय गुणसूत्राचे तुकडे शोधतो. आईकडे वाय नसतो, म्हणून सापडला तर मुलगा. सापडला नाही तर मुलगी. नीट बघा, मुलगी हे उत्तर काही सापडून येत नाही, न सापडून येतं. रक्त फार लवकर घेतलं, बाळाकडचा डीएनए कमी पडला, तरी वाय सापडत नाही आणि लिहिलं जातं "मुलगी". चांगल्या लॅबमध्ये बाळाचा डीएनए पुरेसा आहे का हे आधी मोजतात. प्रत्येक किटवाला ते करतो असं नाही. उलटही होतं. घरी रक्त काढताना नवऱ्याचा हात लागला, तरी वाय मिळतो.

२०११ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात ५७ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. सात आठवड्यांच्या आधी ही रक्तचाचणी भरवशाची नाही, त्यानंतर बरीच अचूक, आणि लघवीवरच्या चाचण्यांवर अजिबात विसंबू नये, असा त्याचा निष्कर्ष. "बरीच अचूक" म्हणजे शंभरात काही चुकणारच. कुणी उत्तराच्या जोरावर गर्भ पाडला, तर ती चूक पुन्हा तपासायला कुणी जात नाही.

शिरूर रोड

पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत मी १७ वर्षं आरोग्याच्या कामात आहे. मुठाकाठताई, तुमच्या घराबद्दल मला शंका नाही. पण कायदा एका घरासाठी होत नाही.

शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली: पुणे जिल्ह्यात २००१ साली ९०२, २०११ साली ८८३. याच जिल्ह्यात एवढे उद्योग, एवढी कॉलेजं. अडाणी लोक करतात हे असं म्हणायला जागाच उरत नाही.

आता रक्तचाचणीचा धोका वेगळा का, ते सांगते. सोनोग्राफीसाठी मशीन लागतं. मशीनची नोंदणी होते, त्याला सील ठोकता येतं, ते कुठे आहे हे तालुक्याला माहीत असतं. शिवाय सोनोग्राफीत लिंग खात्रीने दिसेपर्यंत तीन-चार महिने उलटलेले असतात. तेव्हा गर्भ पाडायचा तर दवाखान्यात जावं लागतं, चार माणसांना कळतं. रक्ताची नळी मात्र खिशात मावते. आणि उत्तर आठव्या आठवड्यात आलं, तर नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी काम होतं. घरातल्या घरात. दोन दिवस पाळीसारखं दुखलं, झालं. आमच्यासारख्यांना ती बाई गरोदर होती हेसुद्धा कळणार नाही.

आणि किटचं म्हणाल, तर कायद्यातल्या चाचणीच्या व्याख्येत गर्भवतीचं रक्त आहेच. करणारा आणि करवून घेणारा दोघेही त्यात येतात. नळी साता समुद्रापार गेली म्हणून इथलं करवून घेणं पुसलं जात नाही.

हिंजवडी फेज दोन

पण या कायद्याने साधलं काय? महाराष्ट्राने तर १९८८ सालीच लिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा केला. तरी राज्याचा आकडा १९९१ ला ९४६, २००१ ला ९१३ आणि २०११ ला ८९४. तीन जनगणना, आकडा उतरतच गेला. औषध लागू पडत नसेल तर मात्रा वाढवत राहायची का? सज्ञान बाईला तिच्याच शरीराची माहिती नाकारायची, आणि हुंडा, वारसा, म्हातारपणची चिंता यांना हातही लावायचा नाही, हे मला पटत नाही.

शिरूर रोड

कायदा कागदावर असणं वेगळं आणि राबवणं वेगळं. १९९४ चा केंद्राचा कायदा १९९६ ला लागू झाला, तोवर गल्लोगल्ली सोनोग्राफी पोचली होती. कारवाई जवळजवळ नव्हतीच. म्हणून २००० साली सेहत, आपल्या पुण्यातली मासूम या संस्थांना आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. त्यानंतर कुठे राज्यं हलली, आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेआधीची लिंगनिवडही कायद्यात आली. न दिलेल्या औषधाला दोष कसा देता?

फॉर्म एफ

मी रेडिओलॉजिस्ट आहे, पिंपरी-चिंचवडमध्ये २२ वर्षं. मी मुठाकाठ यांच्या बाजूने आहे, आणि हे लिहिताना मला त्रास होतो आहे, कारण शिरूर रोड यांच्यासारख्या लोकांबद्दल मला आदर आहे.

गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला मी फॉर्म एफ, म्हणजे या कायद्याने सक्तीचा केलेला नोंदीचा अर्ज, भरतो. त्यात एक रकाना रिकामा राहिला, तरी कायद्याच्या नजरेत तो लिंगनिदानाइतकाच गुन्हा. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध दाद मागितली, ती २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. माझ्या एका मित्राचं मशीन पत्त्याच्या अर्धवट नोंदीवरून सील झालं. कित्येक महिने. त्या काळात त्याच्याकडच्या अवघडलेल्या बायकांना पंचवीस किलोमीटरवर जावं लागलं. एकीची वार खाली होती, तिला वाटेत रक्तस्राव सुरू झाला. ती वाचली. हे मी ऐकीव सांगत नाही, तिला नंतर मीच तपासलं.

जे खरोखर लिंग सांगतात त्यांचे फॉर्म निर्दोष असतात. सापडतो तो कामाच्या रेट्यात तारीख चुकवणारा. आणि आता रक्ताच्या नळीने माझं मशीन बिनमहत्त्वाचं केलं, तरी सील मलाच.

२०१६ साली तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी एक विचार मांडला होता: प्रत्येक गर्भाचं लिंग सांगा, नोंदवा आणि बाळंतपणापर्यंत लक्ष ठेवा. मुलगी आहे हे दप्तरी लागलं की तिला गायब करणं कठीण. खूप विरोध झाला. मला तो मार्ग आजही बरा वाटतो.

शिरूर रोड

डॉक्टर, त्या बाईंबद्दल वाचून वाईट वाटलं. नोंदीतल्या चुकीची शिक्षा वेगळी हवी, हे मलाही मान्य आहे.

पण लक्ष ठेवायचं कुणी? आशाताईंनीच ना? गरोदरपणाची नोंद आम्ही बारा आठवड्यांच्या आत करायला बघतो, आणि तेवढं जमलं तरी धन्य मानतो. रक्ताचं उत्तर त्याआधीच आलेलं असेल. ज्यांना पाडायचं आहे ते नोंदीला येणारच नाहीत. दुसरं, शंभरातली दहा ते पंधरा गरोदरपणं आपोआप पडतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. दप्तरी "मुलगी" लागलेल्या बाईचा असा गर्भ पडला की तिच्या दारात पोलीस पाठवायचा? आधीच ती रडून अर्धी झालेली असते. मी अशा बायकांशेजारी बसले आहे.

हिंजवडी फेज दोन

या एका मुद्द्यावर मी माघार घेतो. लक्ष ठेवण्याची कल्पना मलाही भीतीदायक वाटते.

वाहक

मध्येच बोलते. माझ्या दोन्ही भावांना हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, थोरला विसाव्या वर्षी गेला. मी वाहक आहे, म्हणजे तो आजार माझ्याकडून मुलांत उतरू शकतो. मला मुलगा झाला तर त्याला हा आजार असण्याची शक्यता निम्मी, मुलीला सहसा तितका धोका नाही. ही रक्तचाचणी माझ्यासारखीसाठी वरदान आहे. मुलगी असेल तर पोटात सुई घालून वारेचा तुकडा काढायची गरजच बऱ्याचदा उरत नाही, आणि सुईने गर्भ पडण्याचा थोडा का होईना धोका असतोच. इंग्लंडमध्ये या कारणासाठी ही चाचणी रुळलेली आहे. आपल्या कायद्याच्या कलम ४ मध्येही लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांसाठी तपासणीला परवानगी आहे. तरी मी विचारलं तेव्हा दोन ठिकाणी "आम्ही त्या भानगडीत पडत नाही" असं ऐकून परत आले. शेवटी सुईच घ्यावी लागली.

आणि एक विनंती. धाग्यात कुणी अजून लिहिलेलं नाही, पण बाहेर सगळे "स्त्रीभ्रूणहत्या" म्हणतात. हत्या म्हटलं की गर्भपात हाच गुन्हा वाटायला लागतो. गर्भपात कायदेशीर आहे, गुन्हा आहे तो लिंग निवडण्याचा. या गोंधळामुळे औषधाच्या दुकानांत गोळ्या ठेवायला लोक घाबरतात आणि गरजू बाई आडमार्गाला लागते.

कुमठेकर रस्ता

मी सत्तरी ओलांडली आहे. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मला दोन मुली. १९८४ साली तिसऱ्यांदा दिवस गेले. तेव्हा कायदा नव्हता, गर्भजल तपासणीची पाटी भर रस्त्यावर होती. चौथा महिना संपता संपता पोटात सुई घालून पाणी काढलं. रिपोर्टला तीन आठवडे लागले, तेवढ्यात आत हालचाल जाणवू लागली होती. मुलगी होती.

आमचे हे फार चांगले होते. सासूबाईंनी मला कधी घालूनपाडून बोललं नाही. कुणी जबरदस्ती केली नाही. फक्त रिपोर्ट आला त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. पिठलं तसंच झाकून राहिलं. सकाळी मीच म्हणाले, चला, जाऊन येऊ. कागदावर सही माझी आहे.

पुढे कुणीतरी सांगितलं की आताच्या कायद्यात, उलट सिद्ध होईपर्यंत, बाईवर घरच्यांनी दबाव आणला असंच धरून चालतात. आधी मला त्याचा राग आला, मी काय कुक्कुलं बाळ होते का? मग त्या झाकलेल्या पिठल्याची आठवण झाली.

दोन वर्षांनी मुलगा झाला, पेढे वाटले. तो गुणी आहे, त्याचा यात काही दोष नाही. पण ती असती तर आज चाळिशीची असती.

मुठाकाठ, तुझ्या घरातली माणसं चांगलीच असणार. पण किट मागवायचं हे पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं? आणि ते कधी येणार, हे कोण विचारतंय? मला नको सांगूस.

मुठाकाठ

आजी, दोन दिवस उत्तर देता आलं नाही.

पहिल्यांदा नणंद बोलली, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. तेव्हापासून सासूबाईंनी तीनदा विचारलं, "आलं का गं?" अगदी मायेने विचारलं. माझ्या पहिलीच्या वेळी असं काही विचारायची सोय नव्हती, आणि नऊ महिने कुणी काही विचारलंही नाही. काल रात्री नवऱ्याला विचारलं, मुलगी आहे असं कळलं तर? तो लगेच म्हणाला, "मग काय, छानच." लगेच म्हणाला. पण नंतर बराच वेळ तो जागा होता, आणि मीही.

नणंदेला किट पाठवू नको म्हणून कळवलं आहे. कारण विचारलं तर काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही.

तरी माझं एक म्हणणं मी सोडत नाही. "मला जाणून घ्यायचं नाही" असं माझ्याकडून लिहून घेऊ नका. "मला सांगितलं जाणार नाही" असं लिहा, मी खाली खुशाल सही करते.

फॉर्म एफ

ही सूचना मला फार मोलाची वाटते. रोज दहा-बारा बायकांची ती सही मी घेतो, आणि एकीनेही आजवर मला असं म्हटलेलं नाही. मशीन सील करण्याबद्दल माझं मत तेच आहे. वाहक यांनी दोन ठिकाणांहून परत आल्याचं लिहिलं आहे. पुढच्या वेळी या भागात गरज पडली तर मला निरोप करा. कलम ४ वाचलेले समुपदेशक कुठे बसतात ते मी सांगेन.