बेडूक आठ दिवस खात नाही

प्रश्न (म्हापसा): व्हाइट्स ट्री फ्रॉग, पूर्ण वाढलेला. ८ दिवस रातकिड्यांकडे बघतसुद्धा नाही. खोलीत एसी असतो. डॉक्टरकडे न्यावा का?

– वजन टिकून असेल तर मोठ्याला ८-१० दिवसांचा उपास सोसतो. पिल्लू असतं तर ३-४ दिवसांतच धावपळ करायला हवी. माझा संशय एसीवर. गारठ्यात पचन मंदावतं, मग भूक कुठली? दिवसा २६-२८ अंश ठेवा, खाणं रात्री दिवे मालवून द्या.

– पाणी थेट नळाचं का? क्लोरीन त्वचेला बाधतो, फिशटँकवाल्यांकडचं अँटी-क्लोरीन घाला. तळाचे बारीक खडे काढा. गिळले की आतडं तुंबतं. आणि दर ३ दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन.

– पोट फुगलं, मांड्यांखाली लाली आली, उलटा केल्यावर सरळ होईना, तर त्याच दिवशी डॉक्टर. जबरदस्तीने भरवू नका, जबडा नाजूक असतो.