भरपाईने सगळं मिटत नाही
वाघ-बिबट्यासारख्या वन्यप्राण्याने गुरं मारल्यावर वनखात्याने भरपाई वेळेवर दिली की प्रश्न मिटला असं तुम्ही म्हणताय, पण मला नाही पटत. गेलेल्या गुराचे पैसे मिळतीलही, पण रात्रभर राखण करून तांबारलेले डोळे, अंधार पडला की पोरांना दाराबाहेर सोडायची धास्ती आणि 'यांना आमच्यापेक्षा जनावरच प्यारं' हा मनात साचलेला राग, त्याचं काय करणार?

केनियात मसाई या गुरं पाळणाऱ्या जमातीतल्या तरुणांना सिंह मारला की मान मिळायचा, तर तिथे 'लायन गार्डियन्स' या सिंह वाचवणाऱ्या संस्थेने २००७ पासून अशाच तरुणांना सिंह राखायला नेमलं, ते माग काढतात, सिंहांना मसाई नावं देतात आणि गुराख्यांना आधीच सांगतात की आज त्या अंगाला गुरं नेऊ नका. मला यातली मान न हिरावण्याची गोष्ट फार मोलाची वाटते.