केवळ इंधनाच्या बचतीसाठी जुनी गाडी बदलावी का?

कासारवडवलीकर :
माझी 2012 ची पेट्रोल गाडी शहरात लिटरला 12 किलोमीटर ॲव्हरेज देते. हा आकडा अंदाजाचा नाही, कारण दोन वर्षांपासून दर वेळी टाकी फुल केल्यावर किलोमीटर आणि लिटर मी डॅशबोर्डच्या खणातल्या वहीत लिहितो. ती विकून सीएनजी गाडी घ्यावी असा घरच्यांचा आग्रह आहे, पण निव्वळ इंधनासाठी हा व्यवहार तोट्याचा ठरेल, असे माझे ठाम मत आहे. आठवड्यातून तीन दिवस ऐरोलीचे कार्यालय आणि अधूनमधून गाव, असे वर्षाला 9,000 किलोमीटर होतात, म्हणजे 750 लिटर; 104 रुपये दराने 78,000 रुपये. किलोला 24 किलोमीटर देणाऱ्या गाडीला 375 किलो गॅस लागेल, 80 रुपये दराने 30,000. वर्षाला 48,000 वाचतील हे खरे. परंतु 9 लाखांच्या गाडीसाठी 7 लाखांचे कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांकरिता काढले, तर पहिल्या वर्षी नुसते व्याजच सुमारे 58,000 जाते. जी बचत व्याजालाही पुरत नाही, तिच्यातून मुद्दल कसे फिटणार?

ऐरोलीकर :
आपले गणित बरोबर आहे, पण त्यात दुरुस्ती कोठेच नाही, आणि जुन्या गाडीचा खरा खर्च तिथेच असतो. मी महापे-शिळफाटा मार्गे तळोजा एमआयडीसीला जातो, वर्षाला 18,000 किलोमीटर. माझ्या जुन्या गाडीचे ॲव्हरेजही 12 च होते, म्हणून आपल्याच दरांनी माझे वर्षाला 96,000, म्हणजे महिन्याला 8,000 रुपये वाचतात. शेवटच्या वर्षी क्लच प्लेट, रेडिएटर आणि एसीचा कॉम्प्रेसर मिळून 42,000 गेले होते, तेही महिन्याला 3,500 पडतात. भर पावसात शिळफाट्याच्या चढावर गाडी तापली, बोनटमधून वाफ येऊ लागली आणि मागच्या ट्रकवाल्यांचे हॉर्न ऐकत मी पाऊण तास उभा होतो. त्याच आठवड्यात मी सीएनजी गाडी घेण्याचा निर्णय घेतला. 5 लाखांच्या कर्जाचा हप्ता 10,400 आहे आणि वाचतात 11,500. माझ्यापुरता तरी हा सौदा तोट्याचा नाही.

कासारवडवलीकर :
9 लाखांच्या गाडीसाठी कर्ज 5 लाखांचे असेल, तर उरलेले 4 लाख आपण पदरचे घातले असणार, आणि ते हिशेबात धरलेले दिसत नाहीत. हीच रक्कम 7 टक्क्यांच्या मुदत ठेवीत वर्षाला 28,000 देते. कॉम्प्रेसर एकदा बदलल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा बदलावा लागत नाही, म्हणून एका वाईट वर्षाचा खर्च दर वर्षी धरणे मला पटत नाही. मात्र 18,000 किलोमीटर हा फरक मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

कोपरखैरणेकर :
दोघांनीही एक मुद्दा सोडला आहे. किलोमीटर जास्त असले तरी ॲव्हरेज कोठून कोठे जाते, हे आधी पाहावे लागते. 10 वरून 15 वर गेल्यास दर 100 किलोमीटरमागे साधारण 3.3 लिटर वाचतात. 20 वरून 25 वर गेल्यास फक्त 1 लिटर. दोन्हीकडे वाढ 5 चीच, पण बचतीत तिपटीहून अधिक अंतर. ज्यांची जुनी गाडी लिटरला 18-20 देते, त्यांनी इंधनाचे कारण पुढे करून नव्या गाडीचा विचारच करू नये. कासारवडवलीकरांनी मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून आरसी बुकात नोंद करून घ्यावी. मला त्याचे 55,000 सांगितले होते. जुन्या गाडीला किलोला 24 किलोमीटर मिळणार नाहीत, तरी हे पैसे नव्या गाडीच्या मानाने लवकर वसूल होतील.

ऐरोलीकर :
9,000 किलोमीटरसाठी किट हा चांगला मार्ग आहे, हे मी मानतो. पण सिलिंडर डिकीत आला की गावाला जाताना सामान कोठे ठेवणार, हे घरी विचारून घ्यावे. शिवाय दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 2027 मध्ये आपल्या गाडीला 15 वर्षे होतील आणि फिटनेस तपासणीनंतरच नोंदणीचे नूतनीकरण होईल. म्हणून किटसाठी पैसे मोजण्यापूर्वी गाडी गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून खालचा पत्रा गंजला आहे का, ते स्वतः हात लावून पाहावे.