ऑस्ट्रेलियात मित्रांच्या घरी राहून केलेली निवांत भटकंती: अनुभव लिहा

ऑस्ट्रेलियाची सहल म्हटली की सिडनी, गोल्ड कोस्ट, मेलबर्न आणि परत, असा आठवडाभराचा ठरलेला फेरा डोळ्यांपुढे येतो. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांचे शाळा-कॉलेजातले मित्र, भावंडं, जुने शेजारी आता तिथे स्थायिक झालेत. त्यांच्याकडे राहून, घाई न करता जे फिरले त्यांचे अनुभव एका जागी यावेत म्हणून हे आवतण. कोणाकडे राहिलात, त्यांच्या रोजच्या जगण्यात कसे सामावलात, कुठे रेंगाळलात आणि काय मुद्दाम सोडून दिलंत, ते लिहा. नुसती ठिकाणांची यादी नको, ती कुठेही मिळते. सिडनीहून पर्थला विमानानेसुद्धा चार-पाच तास लागतात. एवढ्या देशात सगळं बघायचं ठरवलं तर विमानतळच बघून होतात. जिथे आपली माणसं आहेत तिथेच जावं आणि मुक्काम ठोकावा, या मताची मी आहे. सुरुवात मीच करते.

आम्ही दोघं मेलबर्नला माझ्या हॉस्टेलच्या मैत्रिणीकडे होतो. ती आणि तिचा नवरा दोघंही नोकरीवाले, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार दिवसभर आम्ही मोकळे. सकाळी ट्रेनने शहरात जायचं. शहराच्या मध्यभागात ट्रॅमला तिकीट लागत नाही, त्यामुळे चुकीच्या ट्रॅममध्ये चढलं तरी बिघडत नाही, दोन थांब्यांनी उतरायचं. आमचा अड्डा म्हणजे स्टेट लायब्ररी. तिथलं घुमटाखालचं अष्टकोनी दालन 1913 सालचं आहे. मधोमध उंचावर ग्रंथपालाची जागा, तिथून चहूबाजूंना पसरलेली लाकडी टेबलं आणि त्यांवर हिरवे दिवे. यांनी तिथे चक्क अख्खी कादंबरी संपवली. तिथून चालत क्वीन व्हिक्टोरिया मार्केट. 1878 पासूनचा बाजार आहे. भाजी, मासे, चीज, लोकरी टोप्या सगळं एका छपराखाली, आणि एका गाडीवर गरम तेलातून काढलेले जॅम भरलेले डोनट. पहिल्या घासाला तोंड भाजतंच.

पण माझी खरी सहल संध्याकाळी सहानंतर सुरू व्हायची. मैत्रीण दमून यायची, मी तोवर कुकर लावलेला असायचा. तिने कपडे बदलून ओट्याला टेकून चहाचा कप हातात घेतला की आम्ही दोघी पुन्हा हॉस्टेलच्या खोलीत. इतक्या वर्षांच्या फोनवर कधी न बोललेल्या गोष्टी त्या ओट्यापाशी बोलून झाल्या. तिची आई गेली तेव्हा तिला विमान वेळेवर मिळालं नव्हतं. ते तिने मला पहिल्यांदा सविस्तर सांगितलं, पोळ्या लाटता लाटता. हॉटेलात उतरलो असतो तर हे झालं नसतं.

शनिवारी समुद्राकाठचा ग्रेट ओशन रोड. एका दिवसाची बस पहाटे नेते आणि रात्री आणून सोडते. मैत्रिणीने मात्र वाटेतल्या अपोलो बे गावी रात्रीचा मुक्काम ठरवला होता. हा रस्ता पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात बांधला. तेव्हा मोठी यंत्रं नव्हती, कुदळ-फावडी आणि सुरुंग यांवरच काम झालं. युद्धात मेलेल्या सोबत्यांचं हे स्मारक, अशी त्यामागची भावना होती. वाटेत एक लाकडी कमान लागते, तिथे सगळे फोटोसाठी उतरतात. तुम्ही उतराल तेव्हा शेजारचा कामगारांचा पुतळाही नीट बघा.

‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ नावाचे चुनखडीचे सुळके आम्ही संध्याकाळी पाहिले, दिवसाच्या बसगाड्या परतल्यावर. गिब्सन स्टेप्सच्या पायऱ्या उतरून खाली वाळूवर गेलं की मान वर करून बघावं लागतं. जवळून तो खडक पिवळसर, थराथरांचा, जागोजागी पोखरलेला. लाटेचा दणका पायांना जाणवतो. 2005 च्या जुलैत यातला एक सुळका कोसळला. मैत्रिणीकडे त्याआधीचा फोटो आहे, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाचा. घरी आल्यावर तिने अल्बम काढला आणि आम्ही दोन्ही फोटो शेजारी ठेवून तो सुळका कुठे होता ते शोधलं.

फिलिप आयलंडला इवले पेंग्विन रात्री समुद्रातून घराकडे येतात तेही पाहिलं. उंची फार तर फूटभर. फोटो काढायला बंदी आहे, आणि ती असलेलीच बरी. सगळे गप्प बसून डोळ्यांनी बघतात.

संगमनेरहून

मी क्रिकेटवेडा माणूस. भाच्याकडे मेलबर्नला गेलो तो एम.सी.जी. म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडसाठीच. तिथे गाइडबरोबर मैदान आतून दाखवतात. लाखभर माणसांचं रिकामं मैदान बघायला मिळणं हा वेगळाच अनुभव आहे. सामना असताना खेळाडूंकडे बघतो, तेव्हा मैदान दिसतच नाही.

मला तिथे उभं राहायचं होतं ते आमच्या तालुक्यातल्या आश्वीच्या अजिंक्य रहाणेसाठी. 2020 च्या डिसेंबरात ॲडलेडला भारत 36 धावांत बाद झाला, कोहली मायदेशी परतला आणि पुढच्याच कसोटीत याच मैदानावर रहाणेने कप्तान म्हणून 112 काढून सामना जिंकून दिला. सामनावीराला पहिल्यांदाच जॉनी मुलाघ यांच्या नावाचं पदक दिलं गेलं, ते त्याला मिळालं. मुलाघ हे 1868 साली इंग्लंडला गेलेल्या आदिवासी संघातले खेळाडू. ऑस्ट्रेलियातून परदेशी गेलेला तो पहिला क्रिकेट संघ. गाइड बाईंना मी रहाणेच्या गावाजवळचा आहे हे सांगितलं तर त्यांनी सगळ्या गटाला थांबवून मला दोन शब्द बोलायला लावले. भाचा भाषांतर करत होता. आयुष्यात विसरणार नाही.

ठाण्याहून

सिडनीला मी मित्राकडे राहिले, पण खरं तर त्याच्या आईकडे राहिले असं म्हणेन. काकू सत्तरीत मुलाकडे आल्या. पॅरामॅटाजवळ घर. काकू रोज सकाळी पॅरामॅटा पार्कात फिरायला जातात. तिथे गुजराती, तमिळ, चिनी अशा बायकांचा त्यांचा गट आहे. एकमेकींची भाषा कुणाला येत नाही, तोडकंमोडकं इंग्रजी सगळ्यांना पुरतं. मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी एका चिनी आजींनी माझ्या हातात वाफाळता बाव, म्हणजे सारण भरलेला चिनी पाव, ठेवला आणि मी खाईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. काकूंनी आधीच विचारून घेतलं होतं, आत भाजीच होती.

सिडनीत ऑपेरा हाऊस बघायला जाताना एक करा. पॅरामॅटाहून नदीतून फेरी जाते, तिने जा. ओहोटी असली तर पहिला टप्पा बसने नेतात आणि पुढे रायडलमिअरच्या धक्क्यावरून बोट मिळते. आधी खारफुटी, मग घरं, मग एकदम हार्बर ब्रिजच्या खालून बोट जाते आणि ऑपेरा हाऊस समोर उलगडतं. काकू हा प्रवास कितीतरी वेळा करून बसल्या आहेत, तरी पुलाखाली बोट आली की उठून कठड्याशी उभ्या राहतात.

एका रविवारी हेलन्सबर्गच्या व्यंकटेश्वर मंदिरात गेलो. झाडीतलं पांढरं गोपूर, आणि शनिवार-रविवारी कँटीनमध्ये डोसा, इडली. तिथून पुढे समुद्राकडे उतरलं की सी क्लिफ ब्रिज लागतो. कड्यावरून दगड कोसळायचे म्हणून जुना रस्ता बंद झाला आणि 2005 मध्ये हा पूल थेट समुद्रावर बांधला. पुलावर चालायला पदपथ आहे. काकूंचा हात धरून पूर्ण चाललो. ब्लू माउंटन्सला मी गेले नाही. वेळ होता, पण त्या दिवशी काकूंच्या गटाची भिशी होती आणि मला तिथे जास्त जावंसं वाटलं.

रत्नागिरीहून

पर्थबद्दल फारसं कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. माझा डिप्लोमाचा मित्र दूर पिलबारा भागातल्या लोहखनिजाच्या खाणीत आहे. दोन आठवडे खाणीवर, एक आठवडा घरी. कंपनीच विमानाने नेते-आणते. आमची सगळी सहल त्याच्या रोस्टरवर बेतलेली. तो घरी असेल त्या आठवड्यात भटकायचं, तो गेला की वहिनी आणि मुलांबरोबर घरी. खाणीवरच्या माणसाच्या घरात बाप नसण्याची सवय सगळ्यांना करून घ्यावी लागते, ते जवळून पाहिलं. धाकटी कॅलेंडरवर रोज रात्री एक खूण करायची.

पर्थचा समुद्र पश्चिमेला. दिवस तापला की दुपारनंतर समुद्रावरून गार वारा सुटतो, त्याला तिथले लोक ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. संध्याकाळी कॉटस्लोच्या किनाऱ्यावर सूर्य पाण्यात बुडताना बघितला आणि आमच्या भाट्याच्या किनाऱ्याची आठवण आली. महासागर तोच आहे. सप्टेंबरात जा, किंग्ज पार्कमध्ये रानफुलांचे ताटवे असतात. रॉटनेस्ट बेटावर खासगी गाड्या नाहीत, सायकलने फिरायचं. क्वोका नावाचा मांजराएवढा प्राणी पायांत येतो, पण त्याला हात लावायचा नाही की खायला घालायचं नाही. मित्राच्या मुलांनी हे आम्हाला बोटीतच दोनदा बजावलं.

नागपूरहून

माझी एम.बी.बी.एस.ची मैत्रीण ॲलिस स्प्रिंग्जच्या रुग्णालयात डॉक्टर आहे. वाळवंटाच्या मधोमध असलेल्या गावी कशाला जायचं, असं घरचे म्हणत होते. मी गेले आणि माझ्या लेखी ऑस्ट्रेलिया म्हणजे तेच गाव.

जुलैत गेले. दिवसा छान ऊन, रात्री पारा शून्याखाली. मैत्रिणीचे बरेच रुग्ण आदिवासी समाजातले. अरेन्टे, वार्लपिरी, पिट्जन्टजारा अशा भाषा बोलणारे. दुभाषे मदतीला असतात, पण तिने स्वतः थोडे शब्द शिकून घेतलेत. बाजारात तिला पाहून एक आजी थांबल्या, दोघी बराच वेळ नुसत्या शेजारी बसून राहिल्या. इथे गप्प बसणंसुद्धा बोलण्यातच जमा असतं, घाईने प्रश्न विचारायचे नाहीत, हे ती नोकरीच्या पहिल्या वर्षात शिकली म्हणे.

तिथून उलुरू नावाचा प्रचंड खडक साडेचारशे किलोमीटर. सरळ रस्ता, तांबडी माती, आणि तीन-तीन चार-चार डबे जोडलेले ट्रक. ‘रोड ट्रेन’ म्हणतात त्यांना, पन्नास मीटरच्या वर लांब. ओव्हरटेक करायला मैत्रीण घाई करत नव्हती. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा हा तिचा दंडक, कारण कांगारू तिन्हीसांजेला आणि पहाटे रस्त्यावर येतात.

उलुरू 348 मीटर उंच आहे, पण मला तो उंचीमुळे लक्षात राहिला नाही. आम्ही त्याला पायी प्रदक्षिणा घातली, दहाएक किलोमीटर. लांबून गुळगुळीत दिसणारा तो खडक जवळून खवल्याखवल्यांचा आहे. तांबडा रंग हा वरचा गंज, खडकातल्या लोखंडाचा. आतला मूळ दगड करडा असतो, काही गुहांमध्ये तो दिसतो. मुटिट्जुलूच्या बाजूला पाणवठा आहे, तिथे झाडं, पक्षी आणि थंडावा. काही जागी पाट्या आहेत: हे स्थान अनंगू लोकांना, म्हणजे इथल्या आदिवासींना, पवित्र आहे, कृपया फोटो काढू नका. मैत्रीण त्या पट्ट्यात कॅमेरा पिशवीत टाकायची. 1985 साली ही जमीन अनंगूंना कायद्याने परत मिळाली. त्यानंतरही वर्षानुवर्षं पर्यटक खडकावर बसवलेली साखळी धरून वर चढत राहिले. चढू नका अशी त्यांची विनंती होती, बंदी मात्र 2019 च्या ऑक्टोबरात आली. साखळीच्या वाटेने पाय पडून पडून खडकावर फिकट पट्टा उमटलाय, तो अजून दिसतो. तो बघून मला फार वाईट वाटलं. आपल्या देवस्थानांवर कुणी असं चढलेलं आपण खपवून घेतलं असतं का?

ब्रिस्बेनहून, यजमानाच्या बाजूने

वरचे अनुभव वाचून राहवलं नाही. आमच्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी येतं आणि आम्ही वाट बघत असतो. पाहुणे आले की घरात पुन्हा मराठी मोठ्याने बोललं जातं, मुलं पत्ते खेळायला शिकतात. तेव्हा ‘तुम्हाला त्रास’ हा शब्द कृपया वापरू नका.

काही गोष्टी मात्र आधी माहीत असाव्यात. इथे कामाला बाई नसते. आपली ताटं डिशवॉशरमध्ये लावली, पोळ्यांना हात लावला तर यजमानीणबाईंचा अर्धा दिवस वाचतो. ठाण्याच्या ताईंनी किंवा मेलबर्नच्या ताईंनी केलं तसं घरात मिसळून जाणारे पाहुणे आम्हाला हवेहवेसे वाटतात.

विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहा. भाकरवडी, मेतकूट, गोडा मसाला, काहीही. लिहिलं असेल तर फार तर ती वस्तू काढून घेतात. लपवलं आणि सापडलं तर दंड मोठा असतो. ताजा कढीपत्ता, फळं, बिया आणूच नका. कढीपत्ता आमच्या परसात आहे.

ब्रिस्बेनमध्ये फिरणं सध्या फार स्वस्त आहे. 2024 पासून ट्रेन, बस आणि नदीतल्या बोटीचं भाडं एका प्रवासाला फक्त 50 सेंट. माझे सासरे सकाळी डबा घेऊन निघायचे आणि सिटीकॅट बोटीने या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन यायचे. कधी न्यू फार्म पार्कात उतरून झाडाखाली डबा खायचे. ते परत गेल्यावर एका सुट्टीच्या दिवशी मीही तसंच करून पाहिलं. इतकी वर्षं इथे राहून नदी अशी कधी बघितलीच नव्हती.

यायचं तर जून ते ऑगस्ट या. इथला हिवाळा म्हणजे आपल्याकडचा डिसेंबर. जूनच्या शेवटी शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी लागते, तेव्हा बाहेरगावच्या मुक्कामाचे दर चढतात. नुसतं फिरायचं असेल तर ते दिवस टाळा. मुलांशी गट्टी जमवायची असेल तर मुद्दाम त्याच सुट्टीत या.